दिवे लागल्यावरचं विरजण

गोडादरा, सुरत

सौभाग्यवती शोभाबाई यांस थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. (पाच वर्षांनी लिहिते म्हणून मान दिला, सवय लावून घेऊ नकोस.) तुझे गुडघे कसे आहेत? माझे आहेत तसेच. सुकदेवराव तुमच्या कामरेजच्या सोसायटीचे चेअरमन झाले असं ऐकलं. बरं झालं, घरात बोलायला मिळत नाही, तिथे तरी मिळू दे. फोन तू उचलत नाहीस म्हणून हा कागद. अक्षर लागलं नाही तर सुनेकडून वाचून घे, पण अर्ध्यात फाडू नकोस.

तर आपला ललित आमच्याच सोसायटीच्या सांडपाण्याच्या प्लांटवर लागला आहे. साऱ्या घरांचं संडास-मोरीचं पाणी तिथल्या टाक्यांत येतं, खालून हवेचे बुडबुडे, वर तपकिरी फेस. कानबाईच्या सणाला पाहुणे यायचे होते आणि खाली हा फेस! नातू जेवायला गेला तशी मी संडासाचं अ‍ॅसिड दोन कॅन आणि ब्लीचिंग पावडरची गोणी (उचलली वॉचमनने, मी फक्त ओरडत होते) आत ओतली. डोळे झोंबले, ठसका लागला, पण फेस बसला. मला वाटलं, झालं काम.

ललितने डोकं धरलं. म्हणाला, "आजी, त्यात जंतू होते गं!" मी म्हटलं, "होते म्हणूनच ओतलं ना!" मग कळलं, ते कामावरचे जंतू. घाण तर खातातच, वर पाण्यातलं खतही काढून घेतात. काही हवा दिली की राबतात, काही हवा बंद केली की. ते मेले आणि पाणी खतासकट मागच्या तळ्यात गेलं. तळं शेवाळाने हिरवंगार झालं, डाइंगवाल्याने रंग ओतावा तसं. मग मासे उलटे तरंगले. मी माळकरी, मासा कधी तोंडात घातला नाही, पण रोज सकाळी त्यांना कणकेच्या गोळ्या टाकायची. आता कणीक मळताना हात थांबतो. सुनेला वाटतं, दम लागला.

कमिटी ललितला काढायला निघाली आहे. तो माझं नाव घेत नाही, गाढव. मी स्वतः जाऊन सांगितलं तर हसले, म्हणे आजी नातवाला वाचवते. वॉचमनने तर नोकरीच्या भीतीने कानांवर हात ठेवले. जन्मात एकदा खरं बोलले, तेही वाया गेलं.

बाकी ठीक. सुकदेवरावांना नमस्कार, नातवंडांना पापा.

तुझी इंदू

ता. क. चालत्या टाकीतला गाळ आणून सोडला की जंतू पुन्हा धरतात, विरजणासारखे, असं ललित म्हणतो. तुमच्या सोसायटीची टाकी चांगली चालते म्हणे. एक टँकर गाळ दे, पोराची नोकरी राहील. तू इथे समोर राहायचीस तेव्हा दिवे लागल्यावर विरजण देत नाहीत म्हणून मला वाटीभर दिलं नव्हतंस, आणि मी जिन्यात उभी राहून काय काय बोलले. त्यातलं निम्मं खोटं होतं.

आणखी ता. क. टँकरवाला दिवसभर चलथाणकडे असतो. तुझ्याकडे येईल तो दिवे लागल्यावरच. आता तुझं तू बघ. देणार असशील तर टँकरबरोबर ललित येईल, त्याच्याजवळ वाटीभर खरं विरजणही दे, वेगळ्या डब्यात. पाच वर्षं पिशवीतलं दही खाते आहे, गिळवत नाही.