यादीत आधी पट्टा

लुब्लिन, मंगळवार

प्रिय वित्सेक,

येशूची स्तुती असो. मी खुशाल आहे. आत्या बटाटे आणि ताक पोटभर वाढते. तू डोळ्यांत थेंब वेळेवर घालतोस ना?

परीक्षेत नापास झाले. शहरात गाडी चालवायची माझी तयारी होती, पण तिथवर जाऊ देतील तर ना! आधी बॉनेट उघडून तेल दाखवायचं, मग पट्टा, सीट, आरसा, मग मैदानात गाडी मागे घ्यायची, आणि मग कुठे रस्ता. एक पायरी चुकली की पुढचं सगळं बंद.

तेल नीट दाखवलं. मग बसले, क्रूसाची खूण केली आणि तुझ्यासारखी लगेच गाडी पुढे काढली.

"बाई, पट्टा?" परीक्षक ओरडले.

"साहेब, आधी देवाचं नाव घेतलं."

"देव यादीत नाही. यादीत आधी पट्टा!"

दुसऱ्या खेपेला पट्टा लावला, तर घाबरून आरसाच विसरले. आपल्या ट्रॅक्टरला आरसा होता कधी?

पुढची तारीख तीन आठवड्यांनी. तुझं डोळ्यांचं ऑपरेशन त्याआधीच आणि गावची बस बंद. पाद्रीबाबांना विचारू, ते नेतील.

रविवारी येते. मला घ्यायला स्टेशनवर यायचं मनातही आणू नकोस. गाडीची किल्ली शोधू नकोस, ती माझ्या पिशवीत आहे.

रोज तुझ्या नावाने जपमाळ ओढणारी तुझी बायको,
लेओकाडिया