कुमुदकाकूंनी वाचलेलं पान

रविवार, संध्याकाळ

आमच्या वाचनगटात कादंबरी सुचवणाऱ्याने तिचं पहिलं पान मोठ्याने वाचायचं, मगच हात वर करून निवड. आज गंगापूर रोडला मंजूकडे जमलो. गटातल्या सगळ्यांत अबोल कुमुदकाकूंनी नेमकी मी दोनदा अर्धवट टाकलेली ती जाडजूड कादंबरीच काढली. विरोध करायचाच, असं ठरवून बसले.

काकू वाचू लागल्या. पान संपलं तरी कुणी थांबवेना. चहावर साय धरली. मंजू हळूच म्हणाली, "काकू, अजून थोडं वाचा ना."

निवडीच्या वेळी सगळ्यांत आधी माझाच हात वर गेला! हे सगळं त्या पानात आधीपासून होतं? मग मला कसं दिसलं नाही? चहा तसाच राहिला, साय धरलेला.

घरी येऊन तेच पान मनातल्या मनात वाचलं. आवाज काकूंचाच आला.