उलटा पडलेला क्रम

तिबिलिसी,
१२ मार्च १९७१

प्रिय गुराम,

अनेक आशीर्वाद. आईचा गुडघा दुखतोच आहे, पण जीभ ठणठणीत आहे. शेजारची एलिको म्हणाली, "सतरा चालींत हरायला तर माझा नवराही जाईल!" आई राजम्याचं लोबिओ ढवळता ढवळता म्हणाली, "मग पाठव की त्याला मॉस्कोला."

तुझी तार मिळाली. 'डावाबद्दल काही दाखवू नकोस.' चौकशी काल इथेच झाली; झुराब परतला होता, तू मात्र मॉस्कोतच. झुराब तुझा जिगरी दोस्त, शेवटच्या फेरीत त्याला जिंकणं भागच होतं, आणि तू सतरा चालींत डाव सोडलास. बुद्धिबळ महासंघाला तू डाव विकल्याचा संशय न येता तरच नवल. दोन वर्षांची बंदी ठरतच आली होती. आणि तू लिहून पाठवलेलं उत्तर काय, तर "चुकलो." बस्स, एवढंच!

मासिकात डावांची टिपणं मी लिहिते, म्हणून मलाच बोलावलं. अध्यक्ष म्हणाले, "लमारा, भाऊ म्हणून पांघरूण घालू नका. ग्रँडमास्टर असली चाल खेळतो?"

मी पट मांडला. आधी राजा कोपऱ्यात सरकवायचा, मग घोडा पुढे काढायचा. तू घोडाच आधी काढलास. उंटाचा शह बसला आणि वजीर गेला. मी म्हणाले, "घरी घोटून पाठ केलेलं भराभर खेळताना क्रम उलटतो. पटासमोर बसून विचार करणाऱ्याचं असं होत नाही."

"पाठ केलं होतं कशावरून?"

तुझी तार आठवली. मग दाखवलंच. बरोबर क्रमानं, थेट शेवटपर्यंत. झुराब खुर्चीतून उठून पटावर वाकला. "अरे, म्हणजे मी मेलोच होतो की!" हरायला बसलेला माणूस असलं हत्यार घेऊन येत नाही, हे अध्यक्षांनाही पटलं. तू सुटलास.

"हे शोधलं कुणी?" त्यांनी विचारलं. "मी." मे महिन्यात महिलांच्या अजिंक्यपदासाठी राखून ठेवलं होतं, हे मात्र बोलले नाही. बोलून उपयोग काय? संध्याकाळी क्लबात ज्याच्या त्याच्या पटावर तेच मांडलेलं होतं.

मला न विचारता ते खेळलास, याचा राग आहेच. त्याहून राग याचा, की नंतर माझं गुपित झाकायला तोंड शिवून बसलास. मोठा आला त्यागी! गाढवा, डाव विकणाऱ्याची बहीण म्हणून अजिंक्यपद घेऊन मी काय करणार होते?

आता माझ्याकडे मे महिन्यासाठी काहीच नाही, आणि एकटीनं नवं शोधायची मला भीती वाटते. घरी ये.

तुझ्यावर चिडलेली, तुझीच थोरली
लमारा