चिमणीचं ‘नाही’

२ मार्च

पोचलं एकदाचं! यान उड्डाणतळावर ट्रकमधून उतरवलं. मी उगीच मध्ये हात घातला, तर क्रेनवाला खेकसला, "मॅडम, बाजूला! हे आता तुमचं काम नाही." खरंय. इंजिनिअर होते तेव्हा हातात पाना असायचा, मोहीमप्रमुख झाले आणि हातात फोन आला. नवरा म्हणतो, तू यानं नाही, बैठका सोडतेस आकाशात. म्हणू दे! व्हॉल्व्ह घासत बसणाऱ्या मुलीला या लोकांनी अख्खी मोहीम दिली. माझी पहिली आणि शेवटची. आणखी काय हवं?

५ मार्च

नवऱ्याचा फोन. "जेवलीस का?" अगं बाई, जेवायचंच राहिलं!

९ मार्च

उड्डाणाआधीची मोठी बैठक. प्रत्येकाने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. सुरुवात मी सगळ्यात नव्या माणसापासून करते. मोठे साहेब आधी बोलले की बाकीचे नंदीबैल होतात.

सगळ्यात नवी म्हणजे चिमणी. इंधनाचे व्हॉल्व्ह तिच्याकडे. आवाज इतका बारीक, की नाव आपोआप पडलं. म्हणाली, "माझं नाही."

मुख्य व्हॉल्व्ह बंद होताना कणभर अडखळतोय म्हणे, तेही कधीमधी. साहेबांनी विचारलं, "खात्री आहे?"

"खात्री नाही, सर. शंका आहे."

शंका! ती फेडायची तर अर्धं यान खोलावं लागणार. या महिन्यात उडालं नाही तर आम्हाला जायचंय तो ग्रह पुन्हा जागेवर यायला दोन वर्षं. मी पुढच्या वर्षी निवृत्त. यान उडेल तेव्हा मी घरी भाजी निवडत असेन.

१० मार्च

साहेब म्हणाले, "निर्णय तुमचा. पण एका पोरीच्या शंकेवर?"

दिवसभर मनातल्या मनात तिला शिव्या घातल्या. गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं? हेच तिसऱ्यांदा म्हणत होते, आणि थबकले. उडताना व्हॉल्व्ह अडकला तर यान पडतं, हे मला चांगलंच ठाऊक आहे.

उड्डाण थांबवलं. सही केली आणि नवऱ्याला फोन करून सांगितलं.

११ मार्च

नवरा पहिली बस पकडून आला. विचारपूस नाही, उपदेश नाही. शेजारी बसला आणि म्हणाला, "तुझं यान होतं गं ते." मग रडले, पोटभर. असा माणूस मिळायला भाग्य लागतं. एरवी घोरतो, पण ते माफ!

२३ मार्च

आज उडालं असतं. त्याऐवजी आज खोलायला घेतलं. सगळे माझ्याशी जपून बोलतात, घरात कुणी गेल्यासारखं. चिमणीशी मात्र कुणी बोलतच नाही. एकटी जेवत होती. तिच्यासमोर जाऊन बसले. तिने डबा पुढे सरकवला. दोघी त्यातूनच जेवलो.

४ एप्रिल

व्हॉल्व्ह काढला. ठणठणीत! मोजणाऱ्या यंत्राची तार सैल होती, बस्स. आम्ही उडू शकलो असतो.

ते लागलंच. पण खरी धास्ती वेगळीच आहे. आता ही पोरगी जन्मात तोंड उघडणार नाही. तिचं बघून बाकीचेही नाही. सगळे ‘हो’ म्हणतील, आणि एक दिवस कुणाचं तरी यान खरंच पडेल.

५ एप्रिल

सकाळी चिमणी दारात. डोळे सुजलेले. "मॅडम, मी तुमचं यान घालवलं."

‘नाही गं’ म्हणवेना. घालवलंच होतं तिने.

ती जाईना. चुळबुळत उभी. मग तोच बारीक आवाज— "मॅडम, आणखी एक शंका आहे."

देवा, किती बरं वाटलं! खुर्ची ओढून दिली. म्हटलं, "बस. सांग."