वरून पेरलेलं भात

कट्टा,
२९ डिसेंबर २०२४

ती. भाईंना,
प्लासिदचा वाकून नमस्कार.

दुपारीच तुमच्या ओसरीवर चहा पिऊन आलो आणि संध्याकाळी तुम्हालाच पत्र लिहायला बसलोय. तीन किलोमीटरवरच्या माणसाला पत्र! आई म्हणते, "ऑस्ट्रेलियाचो वारो लागलो तुका." लागू दे. तोंडाने सांगायला गेलं की माझी जीभ ऐन वेळी दगा देते, हे आज पुन्हा कळलं.

काकींनी नाताळच्या नेवऱ्यांचा डबा घेतला, पण उघडला नाही. मी समजू शकतो. तुमच्या गुरूला जाऊन दोनच महिने झालेत. त्याच्या कार्याला मी पोचलो नाही, कारण तिकडे अपघाताची चौकशी चालू होती आणि त्याच्या विमानात बी भरणारा मीच. मला थांबावं लागलं. रागावू नका.

तुमच्या पडवीत गोणपाटाखाली मोड आलेलं बी पाहिलं. उद्या सकाळी वायंगणाच्या उन्हाळी भातासाठी टाकणार म्हणालात. आम्ही तिकडे हेच करत होतो. भात भिजवायचं, मोड फुटला की मी ते ट्रकवरून विमानाच्या पोटात भरायचं आणि गुरूने पाणी साचवलेल्या शेतावर वरून पेरायचं. खतं, औषधंही मारायचा, पण त्याचा जीव भातात. हे त्याने तुम्हाला कधी कळवलं नाही. तुम्ही सहा वर्षं विचारलं नाहीत, आणि हट्टाच्या बाबतीत तो तुमच्यावरच गेला होता.

लावणीच्या दिवसांत तो घर सोडून निघाला, तेव्हा तुम्ही खळ्यात उभं राहून म्हणालात, "माझो झील चिखलाक भिवान पळालो." मी त्याची बॅग माझ्या टेम्पोत चढवत होतो. पुढे त्यानेच मला तिकडे कामाला बोलावून घेतलं.

आता चिखलाला भिणाऱ्याची गोष्ट ऐका. नवीन शेत पेरायला मिळालं की आदल्या दिवशी हा बूट काढून, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरायचा. टाच रुतवून चिखल बघायचा, अगदी तुम्ही बघता तसा. कुठे खळगा, कुठे उंचवटा, कुठे विजेची तार, सगळं पायी फिरून डोक्यात घ्यायचा. बाकीचे वैमानिक नकाशावर बघायचे आणि याला हसायचे. पहिल्या हंगामात हसले. दुसऱ्या हंगामात त्यातलेच दोघे बूट काढून याच्या मागून चालताना मी या डोळ्यांनी पाहिले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तर सांगून टाकलं होतं, गुरू येईपर्यंत माझं बी पोत्यात राहिलं तरी चालेल.

आणि पेरायचा कसा! जमिनीपासून एका माडाच्या उंचीवर, शेताच्या टोकाला वर उचलायचा, वळायचा आणि पुन्हा नेमका शेजारच्या पट्ट्यावर. रोप वर आलं की कुठे दाट नाही, कुठे विरळ नाही. भाई, मी तुमच्या हातचं पेरलेलंही पाहिलंय. तो हात तुमचाच होता.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो.

दुपारी निघताना तुम्ही फाटकापर्यंत आलात आणि विचारलंत, "प्लासिद, माझो फोन इल्लो ह्या त्येका कळला काय रे?" मी म्हणालो, "नाय, भाई. तो वर होतो." तुम्ही मान हलवलीत आणि आत गेलात. भाई, मी खोटं बोललो.

त्या दिवशी आमच्याकडे उन्हं उतरली होती. शेवटच्या काही फेऱ्या उरल्या होत्या. आईकडून माझा नंबर घेऊन तुम्ही फोन केलात आणि एवढंच विचारलंत, "बरो आसा मा तो?" सहा वर्षांनी! माझ्याने राहवलं नाही. तो पेरत असताना कामाशिवाय रेडिओवर बोलायचं नाही, हा त्याचाच नियम. मी तो मोडला. ओरडलो, "गुरू, भाईंचो फोन इल्लो! बरो आसा मा, इचारीत होते!"

इंजिनाच्या आवाजातून तो हसला. "खरा सांगतंस?"

"देवाशपथ!"

"भाईंक सांग, भातच पेरतंय. चिखल हंयसर पण तसोच आसा. सांजेक फोन करतंय म्हणान सांग."

त्यानंतर तो वळला आणि तारेला लागला. ती तार त्याला ठाऊक होती. त्या दिवसात कितीतरी वेळा तो तिच्यावरून गेला होता. मी धावत पोचलो तेव्हा काही उरलं नव्हतं. चौकशीवाले म्हणाले, सूर्य समोर होता, तार दिसली नसणार. रेडिओचं मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, मला दोष दिला नाही. मी देतो. रोज देतो.

तुमच्यापासून लपवलं, कारण तुम्ही मला दाराशी उभं करणार नाही, ही भीती होती. वर असंही वाटलं, की आपल्याच फोनाने घात केला असं तुम्ही मनाला लावून घ्याल. तसं घेऊ नका. तुम्ही फोन केलात ते बापाचं काम होतं. तो योग्य वेळी पोचवणं माझं काम होतं. घाई माझी.

पण तुमचा फोन न कळता तो गेला, हे ओझं तुम्ही माझ्या खोटेपणापायी वाहू नये. त्याला कळलं होतं, भाई. तो हसत होता.

तिकडून निघण्याआधी मी ते शेत बघून आलो, त्याच म्हाताऱ्या शेतकऱ्याचं. भात हातभर वर आलंय, एकसारखं. शेवटचा पट्टा मध्येच थांबतो. म्हाताऱ्याने पुढचा तुकडा दुसऱ्या कोणाकडून पेरून घेतला नाही, तसाच पाण्याखाली ठेवलाय.

हे पत्र मी आज रात्रीच तुमच्या दारात ठेवून जाईन. उद्या सकाळी तुम्ही बी टाकायला उतराल तेव्हा मी बांधावर उभा असेन, चपला काढून. हाक मारलीत तर टोपली घेऊन मागून चालेन. नाही मारलीत तर तुमची पेरणी होईपर्यंत तिथेच उभा राहीन आणि मग घरी जाईन.

तुमच्या गुरूच्या विमानात बी भरणारा,
प्लासिद