चौकशी बंदुकीची, पोरीची नाही

३ फेब्रुवारी १९७८
आज कचेरीत माझ्या टेबलावर बंदुकीच्या परवान्याचे सात अर्ज! सातही जणांना डुकरं छळतात. एकाचं तर सीताबर्डीवर कापडाचं दुकान, शेताचा पत्ता नाही. कारण तेच — 'रानडुकरांपासून पिकाचे संरक्षण'. ताग्यांमध्ये डुक्कर शिरत असेल!

आमचे हेडक्लार्क मारोतराव चौकशीच्या नावानंच भडकतात. "शरीफ माणसाची चौकशी कायले पाहिजे? बदमाश का अर्ज करून बंदूक घेते?"

मी म्हटलं, "शरीफ आहे हे कळते कशावरून? मिशीवरून?"

सातही अर्ज माझ्याकडे सरकवून चहाला गेले.

१२ फेब्रुवारी
माझं लग्न ठरलं. पंधरा मिनिटांत! चंद्रभान, हिंगण्याला कारखान्यात सुपरवायझर, कुहीकडे धानाची शेती. बाबांनी दोनच प्रश्न विचारले — नोकरी पक्की का? मोटरसायकल स्वतःची का? पास!

मला त्यानं एकच विचारलं, "नोकरी सोडशील ना?" मी पोह्यांची बशी पुढे केली.

१५ फेब्रुवारी
टपालात चंद्रभानचाच अर्ज! कारण? डुकरं, आणखी काय.

घरी सांगितलं तर बाबा हरखले. "बंदूकवाला जावई! मोहल्ल्यात कोणाले हाय?"

१७ फेब्रुवारी
अर्ज चौकशीला पोलिस ठाण्याच्या कवडू जमादाराकडे गेला. तो पाच जणांना विचारणार — स्वभाव, दारू, भांडणं, जुन्या तक्रारी. बंदूक द्यायला पाच माणसं. मला द्यायला एक मोटरसायकल.

७ मार्च
अहवाल आला. तीनदा वाचला.

'अर्जदार विवाहित. पत्नी प्रेमिला दीड वर्षापासून माहेरी. पतीच्या मारहाणीत उजवा हात मोडला. तक्रार आपसात मिटविली. परवाना देऊ नये.'

विवाहित!

मारोतराव म्हणाले, "नवराबायकोचं भांडण! त्याच्यावरून बंदूक अडवाची काय? फेरचौकशीले पाठवा." मी फाइल उचलली आणि सरळ साहेबांसमोर ठेवली. साहेबांनी लाल शाईनं लिहिलं — नामंजूर.

कवडूला चहा पाजला. तो संकोचला. "म्या काय केलं बाई? शेजारीपाजारी विचारलं फक्त."

फक्त!

९ मार्च
दोन दिवस धीर गोळा केला. आज बाबांना सांगितलं.

"पोलिसाचं काय वं, काही बी लिहून ठेवते. पत्रिका छापाले टाकल्या ना आता!"

म्हणजे बंदुकीला नालायक, पोरीला चालतो! मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर ओरडले.

अहवालात प्रेमिलाच्या माहेरचा पत्ता आहे. रविवारी सुट्टी.

१२ मार्च, रविवार
पहिल्या एसटीनं गेले. मी कोण ते सांगितल्यावर प्रेमिलानं दार लावून घेतलं. मी ओसरीवर बसून राहिले. तासाभरानं लुगडं बदलून बाहेर आली. "चाल."

घरी पोचलो तेव्हा बाबा जेवत होते. "हे कोण वं?"

तीच बोलली, "चंद्रभानची बायको."

बाबांनी तिच्या वाकड्या हाताकडे पाहिलं. भरल्या ताटावरून उठले, हात धुतला, चपला घातल्या. "पत्रिका थांबवून येतो."

छापखाना रविवारी बंद असतो. मी सांगितलं नाही. जाऊ दिलं.