रिजवानचा न धुतलेला सदरा

शिफा,

धुण्यातला रिजवानचा सदरा शोधू नकोस, मी पिशवीत घालून नेतोय. आज खडी क्रशरच्या धुळीवरून ग्रामपंचायतीत तहसीलदार साहेबांची बैठक आहे. मालक म्हणतो, "आमी पानी मारतो, धूळ उडतच न्हाई. पोरं बिड्या ओढून खोकत्यात." रिजवानने आयुष्यात बिडी ओढलेली नाही.

तो उठला तर अब्बा वाचनालयात गेलेत म्हण. खरं कळलं तर क्रशरवरची नोकरी जाईल म्हणून मला अडवायला धावत येईल, आणि धावणं आता त्याच्या छातीला झेपत नाही.

चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, तुला ठाऊकच आहे. भाषण पाठ केलंय, पण तिथे आठवेल असं वाटत नाही. नाहीच आठवलं तर हा सदरा मालकाच्या तोंडासमोर झटकीन. मग खोकला कुणाला येतो ते बघू.

अब्बा